मुलीकडे जर्मनीला जाताना: शेंगेन व्हिसा, पेढ्यांचा डबा आणि नव्वद दिवसांचा हिशेब

मी तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात होते. शाळा सोडल्याचे दाखले, बोनाफाईड, जन्मतारखेच्या दुरुस्त्या, सगळी हयात त्यातच गेली. त्यामुळे मुलीने पहिल्यांदा "आता या दोघं इकडे" म्हटलं तेव्हा कागदांची भीती मला वाटली नाही. ह्यांना वाटली. ह्यांच्या एका मित्राचा व्हिसा नाकारला गेला होता आणि तो महिनाभर कुणाला तोंड दाखवत नव्हता. आम्ही तीनदा जाऊन आलो. आता इमारतीत कुणाची मुलं तिकडे असली की संध्याकाळी फाइल घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते. हे भारतीय पासपोर्टवर, मुलाबाळांना भेटायला, तीन महिन्यांच्या आत परत येणाऱ्या माणसांसाठी आहे. नोकरीचा किंवा शिक्षणाचा व्हिसा हे वेगळं प्रकरण. आणि वकिलातीच्या संकेतस्थळावरची कागदांची यादी अर्ज करायच्या आठवड्यात ताजी छापून घ्या, शेजाऱ्याची गेल्या वर्षीची वापरू नका.

अर्ज कुठल्या देशाकडे

शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं एक गाव. १९८५ साली पाच देशांनी तिथे आपापसातल्या सीमा उघडण्याचा करार केला. आज त्यात २९ देश आहेत आणि एकाच व्हिसावर ते सगळे फिरता येतात. युरोपियन युनियन आणि शेंगेन ह्यात गल्लत करू नका. स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये आहे. आयर्लंडचं उलट. ब्रिटनचा व्हिसा तर साफ वेगळा, आणि स्वस्त तिकिटाच्या मोहाने लंडनमार्गे जाणार असाल तर भारतीय पासपोर्टला तिथे नुसतं विमान बदलायलाही बहुतेक वेळा ट्रान्झिट व्हिसा लागतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्यांनी असं तिकीट काढलं आणि मग रद्द केलं. वाचलेल्या पैशांच्या दुप्पट गेले.

अर्ज जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा. मुलीकडे पन्नास दिवस, पॅरिस पाच, स्वित्झर्लंड चार, तर अर्ज जर्मनीकडे, मग विमान पॅरिसला का उतरेना. दिवस सारखेच असतील तर जिथे पहिलं पाऊल पडणार तो देश. "अमक्या देशाचा व्हिसा सहज मिळतो, तिथून घ्या" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकू नका. तुमचं तिकीट आणि मुलीचा पत्ता एक सांगणार आणि अर्ज दुसरंच सांगणार.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निकाल साधारण पंधरा दिवसांत द्यायचा असा त्यांचा नियम आहे, पण शंका आली तर तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबतो. मे महिन्यात जायचं तर अपॉइंटमेंटसाठी जानेवारीतच बसावं, कारण एप्रिल-मेमध्ये सगळ्या भारताला युरोप आठवतो. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना माफ. जून २०२४ पर्यंत मोठ्यांची ८० होती. अर्ज केंद्राचा सेवाखर्च वर. व्हिसा नाकारला तरी फी परत येत नाही.

फाइल

शाळेत एक गोष्ट मी रोज पाहिली. रजिस्टरात आईचं नाव एक, फॉर्मवर दुसरं, आणि पालक म्हणतात, "अहो, एकच आहे ती." असेल, पण कागदाला ते माहीत नसतं. व्हिसाची फाइल तपासणारा माणूस तुम्हाला ओळखत नाही, त्याच्या हातात फक्त कागद असतात. म्हणून फाइल लावून झाली की मी एक कोरा कागद घेऊन तीन रकाने आखते: नाव, तारीख, पत्ता. मग प्रत्येक कागदावर ह्या तीन गोष्टी काय आहेत ते त्यात उतरवते. कुठे फरक दिसला की तिथे थांबायचं.

आमचा फरक नावातच होता. लग्नात सासरी माझं नाव बदललं, आपल्याकडे बदलायचे तसं. मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव म्हणून सासरचं नाव आहे. शाळेचे, नोकरीचे सगळे कागद माहेरच्या पहिल्या नावाने, आणि पासपोर्टही त्याच नावाने. म्हणजे कागदोपत्री मी माझ्या मुलीची आईच नव्हते! विवाह नोंदणीचा दाखला आणि दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं, आणि सोबतच्या पत्रात दोन ओळीत ते सरळ लिहिलं. माझ्या वयाच्या बायकांनो, हे आधी तपासा. फॉर्ममध्ये जन्माच्या वेळचं आडनाव विचारतात, तिथे माहेरचं आडनाव जातं, ते घाईत रिकामं सोडू नका. मराठीतला जन्मदाखला असेल तर त्याचं इंग्रजी किंवा जर्मन भाषांतर लागतं.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. जुने पासपोर्टही जोडा, त्यातले जुने व्हिसे तुमच्या बाजूने बोलतात.

मुलीकडून येणारा मुख्य कागद म्हणजे हमीपत्र. त्याचं जर्मन नाव फेरप्फ्लिश्टुंग्स-एर्क्लेरुंग. ह्यांनी ते म्हणायचा पाच-सहा वेळा प्रयत्न केला, मग "ते लांबलचक पत्र" असं त्याचं नाव ठेवलं. मुलगी किंवा जावई आपल्या गावच्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात पगाराच्या स्लिपा, राहण्याचा परवाना, घराचा भाडेकरार घेऊन जातात, २९ युरो भरतात, आणि पाहुण्यांच्या राहण्याजेवणाचा, आजारपणाचा, परतीचा खर्च माझ्यावर असं लिहून देतात. तिथेही अपॉइंटमेंट लागते आणि ती कधी कधी कित्येक आठवडे मिळत नाही, म्हणून सगळ्यात आधी ह्याच्या मागे लागा. पत्र मूळ प्रतच लागते. ती कुरिअरने येते. व्हॉट्सअॅपवरचा फोटो चालत नाही. आल्याबरोबर त्यावरचा तुमचा पासपोर्ट नंबर अक्षर-अक्षर ताडून बघा.

हमीपत्र असलं तरी आपलं स्वतःचंही काही दाखवावं. बँकेचं गेल्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट, बँकेचा शिक्का मारून. आयकराचं विवरण, पेन्शनची ऑर्डर. आदल्या आठवड्यात खात्यात कुणाकडून तरी उसने दोन लाख आणून टाकू नका, ते स्टेटमेंटमध्ये डोळ्यात भरतं. हे कागद बघून त्यांना एकच ठरवायचं असतं, हा माणूस परत जाईल का. म्हणून घरपट्टीची पावती, शेती असेल तर सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर, इथे राहणाऱ्या दुसऱ्या मुलाची माहिती, हे सगळं कामाचं. मी तर पत्रात लिहिलं होतं की माझ्या सासूबाई आमच्याजवळ असतात आणि त्या काळात नणंद येऊन राहणार आहे. खरं होतं ते.

विमानाचं आरक्षण पुरतं, व्हिसा हातात येण्याआधी पूर्ण तिकीट काढायची गरज नाही. प्रवासाचा वैद्यकीय विमा मात्र हवाच, कमीत कमी ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत आणि तिथल्या मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी चालणारा. साखर-बीपी असेल तर विम्याची बारीक अक्षरं वाचा. पुष्कळ पॉलिसींमध्ये आधीपासूनचे आजार वगळलेले असतात. व्हिसाला ती चालते, आजारी पडल्यावर चालत नाही.

आता ह्यांच्या मित्राचं. त्यांनी एका एजंटाला काम दिलं होतं. त्याने हॉटेलांची बुकिंगं केली, छापून फाइलला लावली आणि दुसऱ्या दिवशी रद्द करून टाकली. वकिलातीने तपासलं. नकाराचं एक छापील पत्र असतं, त्यात कारणांची यादी असते आणि जे लागू त्यापुढे खूण. त्यांच्या पत्रात प्रवासाचा हेतू पटला नाही ह्यापुढे खूण होती. नाकारलेला अर्ज त्यांच्या संगणकात पाच वर्षं राहतो, पण त्यामुळे पुढचा अर्ज बंद होत नाही. निर्णयावर दाद मागता येते, किंवा खरा कागद लावून नव्याने अर्ज करता येतो. त्यांनी पुढच्या वर्षी मुलाच्या घरचा पत्ता आणि हमीपत्र लावून अर्ज केला आणि जाऊन आले. हॉटेल मुळात कशाला हवं होतं, मुलाकडेच राहणार होते की!

बोटांचे ठसे

केंद्रात दहाही बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. माझे ठसे उमटेचनात. तिथली मुलगी म्हणाली, "काकू, जोरात दाबा." दाबले. पुन्हा लाल दिवा. जन्मभर भांडी घासलेली बोटं ती, त्यावर रेषा उरल्यात कुठे! शेवटी तिने ओल्या टिश्यूने बोटं पुसून दिली, मी दोन्ही हात एकमेकांवर घासले आणि चौथ्या वेळी घेतले गेले. तेव्हापासून सगळ्यांना सांगते, आधी आठ दिवस रोज रात्री बोटांना खोबरेल तेल किंवा मलम चोळा, जायच्या सकाळी मात्र हात कोरडे ठेवा, आणि त्या महिन्यात लग्न असलं तरी मेंदी नको. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात. बारा वर्षांच्या आतल्यांचे घेत नाहीत.

चिकटवलेला व्हिसा वाचायचा कसा

पासपोर्ट हातात आला की लोक फोटो काढून स्टेटस ठेवतात. आधी वाचा. त्यात तीन गोष्टी असतात. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, किती वेळा प्रवेश, आणि किती दिवस. गोंधळ होतो तो पहिल्या आणि तिसऱ्यात. समजा तारखा १ मे ते १४ जुलै आहेत आणि दिवसांच्या जागी ६० लिहिलंय. ह्या तारखांमध्ये ७५ दिवस येतात, कारण विमान पुढेमागे झालं तर म्हणून पंधरा दिवसांची सूट त्यात धरलेली असते. राहायचं मात्र साठच दिवस. १ मे ला उतरलात तर २९ जूनला निघायचं. उतरल्याचा आणि निघाल्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात. प्रवेशाच्या जागी ०१ असेल तर मधेच लंडनला जाऊन पुन्हा जर्मनीत यायचा बेत करू नका. बाहेर पडलात की व्हिसा संपला.

दोन फेऱ्या नीट करून आलात की पुढचं सोपं होतं. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम असा आहे की गेल्या तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून ते नियमाप्रमाणे वापरले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा, कितीही वेळा ये-जा करायचा व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. पासपोर्टची मुदत पुरेशी उरलेली हवी. आम्हाला तिसऱ्या वेळी दोन वर्षांचा मिळाला, आणि त्याबरोबर नवी डोकेदुखी आली.

नव्वद दिवसांचा हिशेब

दोन वर्षांचा व्हिसा म्हणजे दोन वर्षं राहायचा व्हिसा नव्हे. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, ही मर्यादा त्यालाही आहे. आणि "कुठल्याही" ह्या शब्दात सगळी गंमत आहे. बहुतेकांना वाटतं की भारतात परत आलो की मीटर शून्यावर येतो. येत नाही. तिथे असताना रोज सकाळी उठून मागे वळून बघायचं, आज धरून गेल्या १८० दिवसांत मी एकूण किती दिवस इकडे होते? तो आकडा नव्वदच्या वर जाता कामा नये.

आमचंच उदाहरण घ्या. समजा आम्ही १५ एप्रिल ते २८ जून राहिलो. एप्रिलचे सोळा, मेचे एकतीस, जूनचे अठ्ठावीस, झाले ७५. आता मुलगी म्हणते, बारसं ऑगस्टमध्ये आहे, १० ऑगस्टला या. त्या दिवशी मागचे १८० दिवस फेब्रुवारीपर्यंत जातात, म्हणजे आपले पंचाहत्तरच्या पंचाहत्तर दिवस त्यात. उरले पंधरा. २४ ऑगस्टला विमानात बसायलाच हवं.

त्याऐवजी १ ऑक्टोबरला गेलो तर? त्या दिवशीही मागे ७५ दिसतात आणि आपण घाबरतो. पण १२ ऑक्टोबरपासून रोज एक जुना दिवस ह्या १८० दिवसांच्या खिडकीतून बाहेर पडायला लागतो. १२ तारखेला १५ एप्रिल पडतो, १३ ला १६ एप्रिल, असं करत. नवा एक दिवस आत, जुना एक बाहेर. ११ ऑक्टोबरला बेरीज ८६ होते ती डिसेंबरात जुने दिवस संपेपर्यंत ८६ वरच राहते, आणि आपण थेट २९ डिसेंबरपर्यंत राहू शकतो. पूर्ण नव्वद दिवस! मला हे पहिल्यांदा खरंच वाटलं नव्हतं. कालनिर्णयवर पेन्सिलीने खुणा करून दोनदा मोजलं, मग युरोपियन युनियनच्या संकेतस्थळावर ह्यासाठी गणकयंत्र आहे त्यात टाकून पाहिलं. बरोबर निघालं. बारसं ऑगस्टमध्ये व्हिडिओवर बघितलं आणि ऑक्टोबरमध्ये गेलो. बाळ तीन महिन्यांचं झालेलं, हातात घ्यायलाही बरं.

पूर्वी शिक्के पुसट असायचे, पानं उलटून मोजायला लागायचं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून त्यांनी येण्याजाण्याची नोंद संगणकावर घ्यायला सुरुवात केली आहे, सीमेवर चेहऱ्याचा फोटो घेतात, आणि ती पद्धत शिक्क्यांची जागा घेते. एक दिवस जास्त झाला तरी यंत्राला आपोआप कळतं. परतीचं विमान नव्वदाव्या दिवसाचं काढू नका, दोन-तीन दिवस हाताशी ठेवा.

बॅग

पहिल्या वेळी मुलीला दिवस गेलेले होते. मी दोन किलो पेढे आणि घरी कढवलेल्या तुपाची बरणी नेली. विमानतळावर हिरव्या रस्त्याने, म्हणजे कस्टमला दाखवण्यासारखं काही नाही म्हणणाऱ्यांच्या वाटेने, बाहेर पडत होतो, एका अधिकाऱ्याने हात करून बाजूला घेतलं. बॅग उघडली. डब्यातला एक पेढा वर धरून त्याने विचारलं, "मिल्क?" मी अभिमानाने म्हटलं, "येस, प्युअर मिल्क!" झालं. पेढे पिंपात, बरणीही पिंपात. माणूस अगदी सभ्यपणे बोलत होता, दंड घेतला नाही, पण घेता आला असता.

राग आला होता तेव्हा. नियम नंतर वाचला. युनियनच्या बाहेरून मांस आणि दूध, आणि त्यांपासून केलेलं काहीही, प्रवाशाच्या सामानातून नेता येत नाही, थोडंसुद्धा. कारण जनावरांचे रोग. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत ब्रांडेनबुर्ग भागात म्हशींच्या कळपात लाळ्या-खुरकूत निघाला, १९८८ नंतर पहिल्यांदाच. ज्यांच्याकडे चाळीस-एक जनावरांची दावण असते त्यांना ह्याचा अर्थ सांगायला नको. तर पेढे, बर्फी, खवा, पनीर, तूप, सगळं घरी. बिस्किटं, केक, चॉकलेट ह्यांना सूट आहे. बेसनाचा लाडू तुपातला आहे पण मिठाई म्हणून चालेल का, असा वाद त्या टेबलाशी घालायचा नसतो. मी आता डिंक, खारीक, अळीव असा कोरडा ऐवज नेते, तिकडचं बिनमिठाचं लोणी आणून तूप कढवते आणि लाडू तिथे वळते. लोणी चांगलं असतं त्यांचं, बेरी कमी निघते.

मासे खाणाऱ्यांना चांगली बातमी. मासळी माणशी वीस किलोपर्यंत चालते, सुकीसुद्धा. शेजारच्या मालवणी वहिनी सोडे आणि बोंबील घेऊन राजरोस जातात, तीन पिशव्यांत बांधून. मध दोन किलोपर्यंत चालतो.

फळं आणि भाजी हा दुसरा घोळ. अननस, नारळ, केळी, खजूर आणि दुरियन ही पाच फळं सोडली तर ताजं फळ, ताजी भाजी, ताजी पानं सगळ्याला वनस्पती आरोग्याचा सरकारी दाखला लागतो. म्हणजे हापूसची पेटी नाही आणि मुलगी कितीही विनवो, ताजा कढीपत्ताही नाही. ह्याला इतिहास आहे. मे २०१४ मध्ये युरोपियन युनियनने भारतातून येणारा आंबा बंद केला होता, त्याबरोबर वांगी, अळू, कारली आणि पडवळ. खेपांमध्ये फळमाशी आणि इतर कीड सापडली होती. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. एवढं झालेल्या आंब्याची एक पेटी हातात घेऊन त्यांच्यासमोरून जायचं म्हणजे धाडसच. तुळशीचं रोप, कुंडीतली माती, पेरायचं बी, हेही नको. मोरपीस तर आपल्याच कायद्याने देशाबाहेर नेता येत नाही, देव्हाऱ्यातलं असलं तरी.

मग काय न्यायचं? थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला, तेलातल्या चकल्या, चिवडा, पापड, कुळथाचं पीठ, नाचणीसत्त्व. ह्यात दूध नाही, ताजं काही नाही. लोणचं मोठ्या बॅगेत, हातातल्या बॅगेत ते द्रवात धरतात आणि शंभर मिलीची मर्यादा लागते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका. युरोपला त्याचं काही नाही, पण खोबरं तेलामुळे पेट घेणारा माल म्हणून विमानवाले अडवतात. खोबऱ्याचा कीस तिकडे दुकानात मिळतो. आणि दुबईमार्गे जाणार असाल तर खसखस पिशवीतून काढून ठेवा, अमिरातीत ती अमली पदार्थात मोडते. प्रत्येक पुडीवर इंग्रजीत नाव लिहा. पिवळसर पीठ बघून अधिकाऱ्याला प्रश्न पडणारच, त्याची काय चूक?

औषधं स्वतःपुरती, जास्तीत जास्त तीन महिन्यांची, मूळ पट्टीतच. गोळ्या सुट्या करून डबीत भरू नका. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ रासायनिक नावासकट. झोपेच्या किंवा तीव्र वेदनेच्या काही गोळ्या अमली पदार्थांच्या कायद्यात येतात, त्यांना वेगळं प्रमाणपत्र लागतं, डॉक्टरांना आधीच विचारा. विसरलेली औषधं मागाहून पार्सलने मागवता येतील असं धरून चालू नका, जर्मनीत खासगी माणसाला युनियनबाहेरून टपालाने औषध मागवता येत नाही.

पैसे, सोनं, भेटवस्तू

रोख परकीय चलन एका फेरीत ३,००० डॉलरच्या किमतीएवढं नेता येतं, बाकी कार्डावर. रुपये जाता-येता २५,००० पर्यंत. युरोपात शिरताना जवळ १०,००० युरो किंवा जास्त रोख असेल तर लेखी सांगावं लागतं, आणि २०२१ पासून सोन्याची नाणी आणि बिस्किटंही त्या रोख रकमेत धरतात. आपल्यापैकी कुणी तेवढं नेत नाही, पण नातवाला सोन्याचं नाणं नेणारे आजोबा मी पाहिलेत.

अंगावरचे दागिने वेगळे, ते आपले वापरायचे. इथून निघताना विमानतळावर आपल्या कस्टमकडून त्यांचं निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, म्हणजे परत येताना हे सोनं बाहेरून आणलं का, हा प्रश्न येत नाही. वजन आणि किमतीचा सोनाराचा कागद जवळ ठेवा, आणि त्यासाठी तासभर लवकर पोचा. भेटवस्तूंना विमानाने येणाऱ्या मोठ्या माणसाला ४३० युरोपर्यंत सूट आहे. एकच वस्तू त्याहून महाग असली तर तिचे भाग पाडता येत नाहीत, जास्तीच्या रकमेवर नाही तर पूर्ण किमतीवर कर लागतो. चांगल्या पैठणीच्या बाबतीत हे सहज होतं. जर्मनीत ७०० युरोपर्यंतच्या मालाला सरसकट १७.५ टक्के लावतात. लाल रस्त्याने जा, पावती दाखवा, भरा. हिरव्या रस्त्यात पकडलं तर कराबरोबर दंडही. सिगारेट दोनशे, कडक दारू एक लिटर.

उतरल्यावर

इमिग्रेशन पहिल्या शेंगेन विमानतळावर होतं. व्हिएन्नाला विमान बदलून श्टुटगार्टला जाणार असाल तर पासपोर्ट व्हिएन्नाला बघतील, मोठी बॅग मात्र श्टुटगार्टला उघडतील, हातातली व्हिएन्नाला. म्हणून कागदांची पिशवी हातातच हवी: हमीपत्राची प्रत, विमा, परतीचं तिकीट, मुलीचा पत्ता आणि फोन. मोठ्या बॅगेत कागद ठेवून खिडकीशी उभ्या राहिलेल्या एका आजी मला आठवतात, बिचाऱ्या नुसत्या "डॉटर, डॉटर" म्हणत होत्या.

प्रश्न तीन-चारच असतात. कुठे, कुणाकडे, किती दिवस, परत कधी. उत्तर तिकिटाप्रमाणे. ह्यांनी एकदा उत्साहात "थ्री मंथ्स" सांगितलं, तिकीट होतं चौसष्ट दिवसांचं. अधिकाऱ्याने मान वर केली, मी पटकन तिकीट पुढे केलं. तेव्हापासून खिडकीशी मी पुढे असते आणि ह्यांच्याकडे बॅगा.

शेवटच्या वेळी मला पुन्हा बाजूला घेतलं. बॅगेच्या झाकणाला आतून मी इंग्रजी यादी चिकटवली होती, मुलीने टाइप करून पाठवलेली: काय, किती, कशापासून केलेलं. अधिकारी बाईंनी ती वाचली, गोड्या मसाल्याची पुडी हातात घेऊन हुंगली, "मिल्क?" विचारलं. मी म्हटलं, "नो मिल्क." पुडी परत ठेवून तिने स्वतःच चेन लावून दिली.